डाळ बंद करू नका

या वेळी टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच वाक्यावर आहेत, "मेंदूत प्रोटीन साठतंय." कोणत्या तरी न्यूरोलॉजिस्टने (मेंदूच्या डॉक्टरने) हे एवढंच सांगितलंय आणि पुढचा पेशंट आत बोलावलाय, मग घरी आल्यावर त्या वाक्याचं ज्याला जे सुचेल ते झालंय. चार पत्रं निवडलीत, नावं काढून टाकलीत. आधीच सांगून ठेवते, मी पेशंट तपासत नाही, मी तीस वर्षं पॅथॉलॉजी शिकवली, म्हणजे माझी ओळख काचेच्या स्लाईडवरच्या मेंदूशी आणि नंतर घरात सासूबाईंच्या मेंदूशी. औषधाचा डोस मला विचारू नका.

प्रश्न : मॅडम, आई 72 वर्षांची आहे, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. आम्ही नेरूळला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये राहतो. दिवाळीच्या आधी ती कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरली आणि शेजारच्या सेक्टरमधल्या डिट्टो आमच्यासारख्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन लॅचमध्ये किल्ली फिरवत उभी राहिली, शेवटी त्या घरातल्या बाईंनी वॉचमनला बोलावलं. सगळ्या टेस्ट झाल्या, डॉक्टर म्हणाले अल्झायमर, म्हणजे विसरण्याचा आजार, मेंदूत प्रोटीन जमा होतंय. त्या दिवसापासून माझ्या मोठ्या बहिणीने आईची डाळ, अंडी, पनीर बंद केलंय, आधी चालू होती ती प्रोटीन पावडर पण बंद. दोन महिन्यांत आई चार किलो उतरली. हे बरोबर आहे का? आणि हे प्रोटीन येतं तरी कुठून? (नेरूळ)

उत्तर : अहो, आधी बहिणीला फोन करा आणि आज रात्रीच कुकरला वरण लावा, बाकीचं पत्र जेवल्यावर वाचा.

खाल्लेल्या तुरीच्या डाळीचं प्रोटीन पोटात आणि आतड्यात तुटतं, त्याची अमिनो आम्लं (प्रोटीनच्या धाग्याचे सुटे मणी) होतात आणि ती रक्तात जातात. डाळ डाळ म्हणून मेंदूपर्यंत पोचतच नाही. मेंदूत जे साठतंय ते मेंदूच्या पेशींनी स्वतःच बनवलेलं असतं, आईंनी आयुष्यभर नुसता वरीचा भात खाल्ला असता तरी बनलं असतं. उलट या आजारात वजन आपसूकच उतरायला लागतं, कारण माणूस जेवायचं विसरतो, किंवा जेवलोय असं समजतो, त्यात तुम्ही डाळ काढून घेतली म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ताईंना रागावू नका, त्यांनी प्रेमानेच केलंय, पण डॉक्टरांनी अजून दोन मिनिटं दिली असती तर चार किलो वाचले असते असं मला वाटतं.

आता येतं कुठून. प्रोटीन म्हणजे एक लांब धागा, आणि तो ठरलेल्या पद्धतीने घडी घालून बसला तरच कामाचा. नऊवारीचं कापड तेच, नेसलं तर लुगडं आणि बोळा केला तर पायपुसणं. आपल्या पेशींच्या आवरणातून आरपार गेलेलं एपीपी नावाचं एक प्रोटीन असतं, त्याला दोन एन्झाईम दोन जागी कापतात आणि मधला तुकडा सुटतो, त्याला म्हणतात बीटा अमायलॉईड. हे तुमच्या माझ्या सगळ्यांच्या डोक्यात आत्ता हे वाचताना पण चालू आहे, त्यात काही आजार नाही. तुकडा बहुतेक वेळा 40 अमिनो आम्लांचा निघतो आणि वाहून जातो. 42 चा निघाला की तो जरा चिकट असतो, तो घडी बदलून चपटा होतो, आणि चपट्याला चपटे चिकटत जातात.

पुढचा भाग समजायला गुलाबजामचा पाक आठवा. पाक नीट झाला असेल तर दिवसभर तसाच राहतो, पण तळाशी एकदा साखरेचा खडा धरला की त्याच्याभोवती बाकीची साखर येऊन बसायला लागते आणि सकाळी बघावं तर भांडं साखरलेलं. काही लोक इथे विरजणाचं उदाहरण देतात, पण विरजणात जिवंत जंतू असतात, इथे जिवंत काही नाही, नुसता आकार आकाराला ओढतो, म्हणून मला पाकच जवळचा वाटतो. पहिला खडा धरायला वर्षानुवर्षं लागतात, नंतर मात्र वेग येतो.

हे साठलेलं दिसतं कसं ते सांगते, कारण हा माझा आवडीचा भाग आहे आणि विद्यार्थी इथे तरी जागे असायचे. मेंदूचा पातळ काप स्लाईडवर घ्यायचा, काँगो रेड नावाचा रंग द्यायचा, साध्या उजेडात सगळं विटकरी दिसतं आणि काही खास वाटत नाही. मग पोलराईज्ड प्रकाश लावून फिल्टर फिरवत न्यायचा, आणि एका जागी येऊन सगळं काळं होतं आणि त्या काळ्यात कच्च्या सफरचंदासारखे हिरवे ठिपके पेटतात. ते अमायलॉईड. नाव मात्र चुकून पडलंय, 1854 मध्ये विर्चो या जर्मन शास्त्रज्ञाला आयोडीन टाकल्यावर निळं दिसलं (शाळेत बटाट्यावर करायचो तोच प्रयोग), त्याला वाटलं हा स्टार्चचा प्रकार आहे, म्हणून अमायलॉईड म्हणजे स्टार्चसारखं. प्रोटीन आहे हे नंतर कळलं, नाव तसंच राहिलं.

अल्झायमर हे पण एका डॉक्टरचंच नाव. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या पन्नाशीच्या बाई आल्या, त्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येईना. (आपलं ठाण्याचं मेंटल हॉस्पिटल पण 1901 चंच, योगायोग.) 1906 मध्ये त्या गेल्या तेव्हा अलॉईस अल्झायमरने त्यांचा मेंदू मागवून घेतला, चांदीचा रंग देऊन बघितला आणि दोन गोष्टी सापडल्या, पेशींच्या बाहेर चिकट ढिगारे आणि पेशींच्या आत दोऱ्याच्या गुंत्यासारखं काहीतरी. ढिगारे म्हणजे वर सांगितलेलं बीटा अमायलॉईड. गुंते म्हणजे टाव, दुसरं प्रोटीन.

टावचं काम रुळांखालच्या स्लीपरसारखं आहे. पेशीच्या लांब फांदीत सामान इकडून तिकडे न्यायला बारीक नळ्यांचे रूळ असतात आणि टाव ते रूळ जागेवर धरून ठेवतं. आजारात टाववर फॉस्फेट जास्त चिकटतं, मग ते रूळ सोडून देतं आणि आपापसातच गुंतून पडतं. ठाणे-वाशी लाईनवरचे स्लीपर कोणी उपटून प्लॅटफॉर्मवर ढीग घातला तर गाडी पण बंद आणि प्लॅटफॉर्मवर चालायला जागा पण नाही, तसं. आणि आईंचं विसरणं किती आहे हे अमायलॉईडपेक्षा या टावच्या पसाऱ्याशी जास्त जुळतं. अमायलॉईड भरपूर असूनही शेवटपर्यंत पासबुक स्वतः भरून घेणारी म्हातारी माणसं असतात, त्यांच्या स्कॅनवर किंवा पोस्टमॉर्टेममध्येच ते कळतं. म्हणून प्रोटीन साठलं म्हणजेच सगळं संपलं असं नसतं, आणि नुसता अमायलॉईडचा स्कॅन बघून आई किती विसरणार हे सांगता येत नाही.

अजून एक, हे साठणं दिवाळीत सुरू झालेलं नाही. लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी ते सुरू होतं, म्हणजे आई शाळेत बहुतेक सातवी ब ला व्याकरण शिकवत होत्या तेव्हापासून. तुम्ही काय खायला घातलं, कुठे दुर्लक्ष झालं, हा हिशोब करत बसू नका.

आता कामाचं. बी12 आणि थायरॉईडचे रिपोर्ट आहेत का बघा, नसतील तर करून घ्या, विसरण्यात त्यांचा वाटा असला तर तेवढा तरी गोळीने भरून निघतो. आणि ते तिसऱ्या मजल्याचं प्रकरण मला फार खरं वाटलं, सिडकोने सेक्टरच्या सेक्टर एका साच्यातून काढलेत, तिथे मीच चुकते. तुमच्या जिन्याच्या तोंडाशी आणि दारावर काहीतरी ठळक लावा, आईंच्या माहेरचं काही जुनं असेल तर उत्तम, आमच्याकडे सासूबाईंनी विणलेलं मण्यांचं तोरण होतं, त्या नाव विसरल्या पण तोरण शेवटपर्यंत ओळखायच्या. पर्समध्ये नको (पर्स हरवते), ब्लाऊजच्या आत किंवा गळ्यातल्या पदकावर तुमचा नंबर.

प्रश्न : ताई, माझे सासरे (आम्ही अप्पा म्हणतो) 69 वर्षांचे, घोडबंदर रोडला राहतो. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स (कंपवात) निघाला. गोळी सकाळी छान चालते, उपवनला एक चक्कर पण मारतात, पण दुपारी जेवणाबरोबर घेतलेली गोळी लागूच पडत नाही, खुर्चीतून उठता येत नाही. झोपेत लाथा मारतात, ओरडतात, सासूबाई आता हॉलमध्ये झोपतात. गावाकडचे एक नातेवाईक कुयलीच्या बियांचं चूर्ण देऊन गेलेत, ते पण चालू आहे. हा पण प्रोटीनचाच आजार का? (ठाणे)

उत्तर : हो, पण प्रोटीन वेगळं. याचं नाव अल्फा सिन्यूक्लिन. फ्रिट्झ लेवी नावाच्या माणसाने 1912 मध्ये अशा मेंदूच्या पेशींमध्ये गोल गोल गोळे बघितले, लेवी बॉडीज, पण ते गोळे कशाचे आहेत हे कळायला 1997 उजाडलं. मायक्रोस्कोपखाली गुलाबी ठिपका आणि भोवती फिकट कडं, एकदा बघितलं की विसरत नाही. त्याहून वाईट वाटायचं ते नुसत्या डोळ्यांना दिसायचं ते. मध्यमेंदू आडवा कापला की दोन्ही बाजूंना काजळाची रेघ ओढल्यासारखा काळा पट्टा असतो, डोपामिन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींचा, आणि पार्किन्सन्सच्या मेंदूत ती रेघ पुसल्यासारखी फिकी असते. विद्यार्थ्यांना दोन्ही ट्रे शेजारी ठेवून दाखवायचे, पुढे काही बोलायची गरज पडायची नाही.

आता अप्पांची दुपारची गोळी. त्यात लेवोडोपा असणार, मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, बहुतेकांना तीच गोळी असते. लेवोडोपा स्वतःच एक अमिनो आम्ल आहे, आणि आतड्यातून आत शिरायला त्याला ज्या दारातून जावं लागतं त्याच दारातून डाळीची, दह्याची, मटणाची अमिनो आम्लं पण जातात, पुढे मेंदूत शिरतानाही तीच गर्दी. सकाळी आठची फास्ट ठाण्याला आल्यावर दरवाज्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, गोळी बिचारी प्लॅटफॉर्मवरच राहते. म्हणून ती जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी किंवा जेवून तास-दीड तास झाल्यावर घेतात. तुमच्या डॉक्टरांना वेळ विचारा आणि ती वेळ फ्रीजवर लिहून लावा. काही पेशंटना दुपारी प्रोटीन कमी आणि रात्री जास्त असं करून देतात, पण ते पण त्यांना विचारून. वरच्या पत्रात डाळ बंद करू नका म्हटलं, इथेही बंद करायची नाहीये, फक्त घड्याळ बघायचंय.

कुयलीची गंमत अशी की ती खोटी नाही. खाजकुयलीच्या बियांत खरोखर लेवोडोपा असतं, आयुर्वेदात कंपवातावर ती वापरतात ते उगाच नाही. पण म्हणूनच धोका आहे, अप्पा एकच औषध दोन दारांनी घेतायत, एका दारावर मिलीग्राम लिहिलेत आणि दुसऱ्यावर चमचा. चूर्णाच्या एका पुडीत किती आणि दुसरीत किती याचा काही भरवसा नाही. जास्त झालं की बीपी पडतं, हातपाय नको तसे वळवळायला लागतात, नसलेली माणसं दिसतात. लपवू नका, पुडी घेऊनच न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि टेबलावर ठेवा.

झोपेतल्या लाथा पण त्याच आजारातल्या. स्वप्न पडताना आपलं शरीर लुळं राहावं अशी मेंदूत सोय असते, ती बिघडते आणि माणूस स्वप्नातली मारामारी पलंगावर करतो. हे बऱ्याचदा हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतं, तसंच वास न येणं आणि बद्धकोष्ठ. सासूबाईंना विचारा, दूध करपलं तरी अप्पांना कळायचं नाही असं आधीपासून होतं का, माझी पैज आहे त्या हो म्हणतील. (पण ज्याला ज्याला वास येत नाही त्याला हेच होणार असं अजिबात नाही, सर्दीवाल्यांनी पत्रं पाठवू नयेत.) डॉक्टरांना लाथांबद्दल सांगा, त्यावर औषध आहे, तोवर पलंगाशेजारचा टेबललॅम्प आणि काचेचा तांब्या हलवा.

प्रश्न : मॅम, मी 31, ऐरोलीला आयटीत आहे. आजीला अल्झायमर होता, आता बाबांचं 70 व्या वर्षी सुरू झालंय. एका लॅबने "ब्रेन हेल्थ पॅकेज" म्हणून जीन टेस्ट आणि ब्लड टेस्टचा मेसेज पाठवलाय, ऑफर संपायच्या आत बुक करू का? आणि ते नवीन इंजेक्शन बाबांना मिळेल का? (ऐरोली)

उत्तर : तुला तू म्हटलं तर चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. बुक करू नकोस. ऑफर संपू दे.

नुसत्या एका जीनमुळे होणारा अल्झायमर असतो, पण तो दुर्मिळ आणि तो चाळिशी-पन्नाशीत येतो, तुमच्या घरात तसं नाहीये. पॅकेजवाले बघणार तो एपीओई नावाचा जीन. त्याचा ई4 प्रकार असला तर शक्यता वाढते, पण ई4 असून काही न होणारे आहेत आणि नसून होणारे पण आहेत, म्हणजे तुझ्या हातात एक कागद येणार ज्याने झोप उडणार आणि उपाय काहीच बदलणार नाही. रक्तातल्या टावची टेस्ट (पी-टाव217) खरंच चांगली निघालीये, 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेत तशा एका ब्लड टेस्टला परवानगी पण मिळाली, पण ती विसरायला लागलेल्या माणसासाठी, डॉक्टरने मागितली तर. 31 व्या वर्षी मेसेज आला म्हणून करायची नाही.

इंजेक्शन म्हणजे तू लेकानेमॅब म्हणत असशील. ते अमायलॉईडला चिकटून ते साफ करायला लावतं, आणि स्कॅनवर खरंच साफ झालेलं दिसतं. पण दीड वर्षाच्या ट्रायलमध्ये ऱ्हास थांबला नाही, 27 टक्क्यांनी मंदावला. काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो, म्हणून दर थोड्या दिवसांनी एमआरआय, दर दोन आठवड्यांनी सलाईन, आणि ई4 च्या दोन प्रती असणाऱ्यांना धोका जास्त, म्हणजे जीन टेस्टचा खरा उपयोग झाला तर तो इथे, बाबांसाठी. अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठीच ते आहे. माझं मत विचारशील तर, दरवाजा उघडलाय एवढं नक्की, पण अजून फट आहे. बाबांच्या न्यूरोलॉजिस्टला सरळ विचार की ते या टप्प्यात बसतात का, आणि नाही म्हणाले तर पैसे वाचले म्हणून घरी ये.

त्या पैशात बाबांचे कान तपास. थट्टा नाही करत, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या अहवालात डिमेन्शियाच्या (अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांच्या) ज्या 14 टाळण्यासारख्या कारणांची यादी आहे त्यात ऐकू न येणं फार वरच्या नंबरला आहे, मग बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगरेट, डोक्याला मार, एकटेपणा, हवेतली घाण. सगळी 14 मिळून जगातल्या जवळपास 45 टक्के केसेसचा हिशोब लागतो असं ते म्हणतात. आणि तू स्वतः रात्री दोन वाजता अमेरिकेच्या कॉलवर असशील तर ते जरा बघ, गाढ झोपेत मेंदूची घंटागाडी फिरते, 2013 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं की झोपेत अमायलॉईड जास्त वेगाने धुतलं जातं. माणसात किती, यावर अजून भांडणं चालू आहेत, पण झोपून कोणाचं नुकसान झालेलं नाही.

प्रश्न : आमच्या घरात (कळवा) मोठ्या जाऊबाईंनी कुठेतरी वाचलं की हे प्रोटीन एका पेशीतून दुसरीत पसरतं, प्रायॉन की काय, म्हणून आजींचं ताट-वाटी वेगळी केलीये आणि नातवंडांना मांडीवर बसू देत नाहीत. वर चेष्टा, "ठाण्याला पोचवू का?" काय सांगू त्यांना? (कळवा)

उत्तर : ठाण्याचा जोक कळव्यातून करायला हिंमत लागते, खाडी ओलांडली की आलंच.

जाऊबाईंनी अर्धं बरोबर वाचलंय. एकाच मेंदूच्या आत बिघडलेलं प्रोटीन शेजारच्या पेशीतल्या चांगल्याला बिघडवत पुढे जातं, हे खरं. अशा पसरत जाणाऱ्या बिघडलेल्या प्रोटीनसाठी प्रायॉन हा शब्द प्रुसिनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये काढला, 1997 चं नोबेल त्यांना त्यावर मिळालं. पापुआ न्यू गिनीत कुरू नावाचा असाच प्रायॉनचा आजार व्हायचा, तो मेलेल्या नातेवाइकांचा मेंदू खाण्याच्या प्रथेतून पसरला. अल्झायमरच्या बाबतीत एवढंच सापडलंय की ब्रिटनमध्ये 1985 पर्यंत मृतदेहांच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून काढलेलं ग्रोथ हार्मोन लहानपणी वर्षानुवर्षं टोचून घेतलेल्या मोजक्या लोकांत पुढे मेंदूत अमायलॉईड दिसलं, त्यातल्या काहींत डिमेन्शियाही. ते हार्मोन कधीच बंद झालंय. तुमच्या घरी यातलं काही चालत असेल असं वाटत नाही. उष्ट्याने, शिंकेने, मांडीवर बसल्याने अल्झायमर होत नाही. नातवंडं आजींच्या मांडीवर बसू देत.

जाऊबाई ऐकत नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथे बोलायला सांगा, घरात असं माणूस सांभाळून वैतागलेल्यांसाठी पण तो आहे, आणि जाऊबाई वैतागल्या असतील हे पण मी समजू शकते.

आणि ताट वेगळं ठेवायचंच असेल तर एका कारणासाठी ठेवा. स्टीलच्या चकचकीत ताटात पांढरा भात, पांढरं ताक, फिकी भाजी, हे आजींना नीट दिसत नसणार, या आजारात रंगांमधला फरक पुसट होतो, म्हणून अर्धं जेवण ताटात राहतं आणि आपण म्हणतो नखरे करते. लाल किंवा गडद निळी साधी ताटली आणा, नक्षी नको, नक्षीतली फुलं त्या उचलायला बघतात. माझ्या सासूबाईंनी महिनाभर उचलली होती.